मेणबत्त्या आणायला कुणाची हरकत?

आधी पायांकडे बघा. घोटा बुडेल एवढा चिखल आहे. वितळता बर्फ, घोड्यांची लीद, गवताच्या काड्या आणि काल रात्री कुणीतरी खिडकीतून ओतलेलं खरकटं पाणी, सगळं त्यात आहे. कडेने लाकडी फळ्या टाकलेल्या दिसतायत, पण त्यांवर तीन उमराव गप्पा मारत उभे आहेत आणि ते तुमच्यासाठी हलणार नाहीत. उतरा चिखलात. बूट उंच आहेत, निभावून नेतील.

हे वॉर्सा. साल १६५२, मार्च महिना, शनिवारची सकाळ. तुमच्या अंगावर पोटरीपर्यंत येणारा झुपान आहे, म्हणजे पुढे गुंड्यांची रांग असलेला लांब अंगरखा. त्यावर आतून लांडग्याचं कातडं लावलेला झगा. लांडग्याचं कातडं भिजलं की कसा वास येतो ते तुम्हाला आत्ता कळतंय. तो वास दिवसभर सोबत राहणार, कारण या शहरात ज्याला त्याला काही ना काही भिजलेलं पांघरून फिरावं लागतंय. कमरेला रेशमी शेला, शेल्याखाली तलवार. तलवार दिसू द्या, तिच्याशिवाय इथे कुणी तुम्हाला माणसांत धरणार नाही. पण उपसू मात्र नका. राजाचा मुक्काम असलेल्या गावात पातं म्यानाबाहेर काढणं हा भारी गुन्हा आहे.

सावळ्या रंगाची काळजी नको. लोक तुम्हाला ल्वुव्हचा आर्मेनियन व्यापारी समजतील. शेले, गालिचे, तलवारी असा पूर्वेकडचा माल हे आर्मेनियन इथे आणतात आणि समोरचा उमराव तुमच्याकडे बघतोय तो शेल्याचा भाव विचारावा की नाही या विचारात. हसा आणि पुढे चला.

एवढी गर्दी कशाची, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. सेयम, म्हणजे इथली संसद, चालू आहे. पोलंडचं राज्य आणि लिथुआनियाची ग्रँड डची यांनी १५६९ मध्ये लुब्लिन गावी एकत्र नांदायचं ठरवलं, तेव्हापासून दोघांचा राजा एक आणि सेयमही एक. बाकी संसार वेगळाच राहिला. खजिने दोन, सैन्यं दोन, सेनापती दोन, चॅन्सेलर दोन, कायद्याची पुस्तकंसुद्धा दोन. जे काही दोघांनी मिळून ठरवायचं, कर, युद्ध, तह, ते या सेयममध्ये, सहा आठवड्यांत. त्या सहा आठवड्यांसाठी बाल्टिकच्या किनाऱ्यापासून युक्रेनच्या गवताळ माळापर्यंतची माणसं आपापले नोकर, घोडे, स्वयंपाकी आणि भांडणं घेऊन या छोट्याशा शहरात उतरतात.

तुमची खोली म्हणजे एका विधवा बाईंच्या माडीवरचा कोपरा. त्याच खोलीत पाच जण झोपतात आणि खाली तबेल्यात अकरा घोडे आहेत. सेयमच्या काळात कुणी कुठे उतरायचं हे राजाचा मोठा मार्शल ठरवतो. पावाचा, दाण्याचा, दारूचा भावही तोच बांधून देतो, नाहीतर व्यापाऱ्यांनी पाहुण्यांची कातडी सोलली असती. बाई तो भाव पाळतात, पण सरपण वेगळं, मेणबत्ती वेगळी, गवत वेगळं असं करत हिशेब शेवटी त्यांना हवा तिथे नेतात. मला त्यांचा राग येत नाही. सहा आठवडे पाच पुरुषांचे चिखलाचे बूट स्वतःच्या घरात सोसून पाहा.

न्याहारीला गरम बिअर आहे, पाव बुडवून खायची. चहा-कॉफी या गावच्या न्याहारीपर्यंत अजून पोचलेली नाही. मांस मागू नका, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू आहेत. म्हणून तर गल्लीभर खारवलेल्या हेरिंग माशाचा आणि तापलेल्या तेलाचा वास भरलाय. भट्टीपाशी बसलेली मंडळी त्या वासातच राज्याचा कारभार चघळतायत. विषय बहुतेक एकच, राजीएयोव्स्कीचा. राज्याचा उपचॅन्सेलर हा माणूस, बायकोशी आणि तिच्या भावाशी त्याचं भांडण, आणि राजा शहरात असताना या गृहस्थाने हत्यारबंद माणसं घेऊन वाड्यावर चाल केली. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली आहे. अर्धं टेबल म्हणतंय बरं झालं, अर्धं म्हणतंय राजाने सूड घेतला. दोन्ही बाजूंचे लोक मूठ टेबलावर आपटतात, आणि तुमची बिअर सांडते.

आता किल्ल्याकडे चला. गर्दीच नेईल तुम्हाला. वेशीसमोर उंच खांबावर हातात क्रूस आणि तलवार घेतलेला राजा झिग्मुंट उभा आहे. आत्ताचा राजा त्याचाच मुलगा, आणि त्याच्या राज्यात सध्या फार वाईट दिवस आहेत. युक्रेनमधलं कोसॅकांचं बंड अजून शमलेलं नाही, सैनिकांचे पगार थकलेत, आणि त्या सैनिकांचे प्रतिनिधी किल्ल्याच्या अंगणातच दबा धरून बसलेत, जो सापडेल त्याला थकबाकी ऐकवायला. त्यांच्या पलीकडे यहुदी समाजाचे दोघे-तिघे वकील, बगलेत कागदांचं पुडकं. एरवी या शहरात राहायची त्यांना बंदी आहे. सेयम भरला की तेवढ्यापुरती दारं उघडतात, मग सहा आठवड्यांत वर्षभराचे अर्ज, विनवण्या, देणी-घेणी सगळं उरकून घ्यायचं. त्यांच्याइतकं घाईत या अंगणात कुणी नाही. आणि लाकडाची गाडी ओढत आलेला तो कुळवाडी पाहा, डोक्यावरची मेंढीच्या कातड्याची टोपी काढून भिंतीला चिकटून उभा आहे. आत जे काही ठरेल त्याचा कर शेवटी त्याच्या धान्यातून जाणार. त्याला आत कुणी विचारणार नाही. या राज्यात शंभरातल्या जेमतेम आठ-दहा माणसांना सरदारकीचा हक्क आहे, आणि आत बसायचा अधिकार त्यांचाच.

प्रतिनिधींचं दालन तळमजल्यावर आहे. दारातून शिरताना खांदा आधी घाला, मग पोट आत घ्या. छत कमानदार आणि ठेंगणं, त्यामुळे प्रत्येक आवाज वर जाऊन पुन्हा डोक्यावर पडतो. प्रतिनिधी साधारण दीडशे-पावणेदोनशे, पण आत माणसं त्याच्या कितीतरी पट आहेत. बघ्यांना इथे मज्जाव नाही. नातेवाईक, कारभारी, धाकटे भाऊ, परदेशी वकिलातींतले कान टवकारलेले लोक, सगळे बाकांच्या मध्ये घुसलेत. गुप्त विषय निघाला की मार्शल बघ्यांना बाहेर काढतो, ते दाराबाहेर जातात आणि दुसऱ्या विषयाला परत शिरतात. ऊब शेकोटीची नाही, माणसांची आहे. लसूण, बिअर, मेण, घाम, भिजलेली फर. डोक्याच्या कडा तासलेल्या, मध्ये केसांचा झुबका, मिशा हनुवटीखाली लोंबतायत. मधूनच एखादा तरुण फ्रेंच पद्धतीचे लांब केस आणि लेस लावून आलाय आणि म्हातारे त्याच्याकडे रोखून बघतायत.

ठक्. ठक्. ठक्. हा लाकडी दंड जमिनीवर आपटतोय तो आंजेय माक्सिमिलियान फ्रेद्रो. हा राजाचा मार्शल नव्हे, हा प्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेला मार्शल, सभा चालवणारा. आवाज बसलाय त्याचा. सहा आठवडे हाच दंड आपटून हात किती दुखत असेल, विचार करा.

तुमच्या शेजारच्या बाकावर व्होलिनचे एक म्हातारे प्रतिनिधी आहेत. ओळख करून घ्यायची गरज नाही, या गर्दीत त्यांचं कोपर तुमच्या बरगडीत आहे म्हणजे ओळख झालीच. ते झग्यातून घडीचा कागद काढतात. ही सूचनापत्रिका. सेयम भरण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात छोटी सभा भरते, सेयमिक, बहुधा चर्चमध्ये. तिथे गावोगावचे सरदार जमतात, भांडतात, प्रतिनिधी निवडतात आणि काय बोलायचं ते लिहून देतात. अमुक कराला हो म्हणा, तमुक कराला नाही म्हणा, आमच्या मठाची तक्रार मांडा, आमच्या भागातल्या सैनिकांची दांडगाई थांबवा. म्हाताऱ्यांचं बोट एकेका ओळीवरून फिरतं. कागदाच्या घड्या झिजून फाटायला आल्यात. घरी परतल्यावर त्यांना त्याच माणसांसमोर उभं राहून सांगायचंय की यातलं काय झालं आणि काय झालं नाही.

म्हणून ते स्वतःच्या मनाने मान हलवू शकत नाहीत. या दालनात बसलेला प्रत्येक जण एक माणूस नाही, एक जिल्हा आहे.

आता नीट ऐका, कारण इथली खरी कला ही आहे. मतं मोजत नाहीत. हात वर करायला सांगत नाहीत. फ्रेद्रो विषय मांडतो आणि विचारतो, संमती आहे ना? “झ्गोदा! झ्गोदा!” असा गलका उठतो. आहे, आहे. मग तो कान देतो. गलक्यातून कुठेतरी एक “नाही” ऐकू येतं का? आलं, की त्या माणसाकडे सगळे वळतात. त्याचं म्हणणं ऐकतात, त्याला समजावतात, मसुद्यात एक शब्द बदलतात, त्याच्या जिल्ह्यासाठी एक सवलत घालतात. तरी तो नाहीच म्हणतो. मग त्याचा मामा येतो, मग त्याचा धर्मगुरू, मग ज्याच्या पदरी तो वाढला तो मोठा सरदार रात्री त्याला वाड्यावर जेवायला बोलावतो. उपासातलं जेवण, पाईक मासा केशर घालून, मध आंबवून केलेली मद्यं. सकाळपर्यंत बऱ्याच वेळा त्याचा आवाज मऊ झालेला असतो. इतक्या सगळ्या चर्चेतली निम्मी तुम्ही या दालनात पाहताय, निम्मी जेवणाच्या टेबलावर होते, आणि पोटाला कळतं तेवढं कानाला कळत नाही.

मला ही पद्धत वेडगळ वाटत नाही. बहुमत मोजलं असतं तर लिथुआनियाचे प्रतिनिधी रोज हरले असते, पोलंडचे जास्त आहेत. प्रशियाची बंदरं, रुथेनियातले ऑर्थोडॉक्स, शेजारच्या बाकावरचं व्होलिन, यांना कुणी ढुंकून विचारलं नसतं. पुढच्या बाकावर कोट घट्ट आवळून बसलेल्या त्या एकट्या माणसाची समजूत काढायला शंभर जण दोन दिवस घालवतात, त्यातून त्याला कळतं की आपल्याशिवाय यांचं चालत नाही. दोन देश ऐंशी वर्षं एकत्र राहिले ते अशा समजुतींवर.

पण शरीराला ते फार महाग पडतं. तुमचे पाय आत्ताच बधिर झालेत. दुपार टळली, पोटात आवाज येतोय, आणि एक लॅटिन वाक्य, एक पोलिश वाक्य, पुन्हा लॅटिन, अशा भाषेत कुणीतरी रोमच्या प्रजासत्ताकाचे दाखले देत तासभर बोलतोय. त्याला थांबवायचा अधिकार कुणाला नाही. मागे कुणीतरी सरळ झोपलाय, भिंतीला टेकून, तोंड उघडं.

वरच्या मजल्यावर जाऊन या तोवर. जिना दगडी आणि निसरडा आहे. वर सिनेट आहे. तिथे राजा यान काझिमिएश स्वतः बसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रतिष्ठेच्या क्रमाने बिशप, प्रांतांचे व्होइव्होद, गढ्यांचे कास्तेलान. कोण कुठे बसतो यात सगळा मान. मोठ्या कास्तेलानांना हातांच्या खुर्च्या, धाकट्यांना मागे नुसती बाकं. इथे हवा जरा मोकळी आहे, धुपाचा वास आहे, माणसं हळू बोलतात. राजा कंटाळलेला दिसतोय आणि कंटाळा दिसू नये म्हणून सरळ बसलाय. खालच्यांनी काहीही ठरवलं तरी वर आणून दाखवावं लागतं, आणि वरच्यांनी कितीही ठरवलं तरी खालच्यांच्या होकाराशिवाय त्याचा कायदा होत नाही. राजा, सिनेट, प्रतिनिधी, तिघांचं जमलं तरच. शेवटचे काही दिवस प्रतिनिधी सगळेच्या सगळे जिना चढून वर येतात आणि उभ्याने सगळे ठराव पक्के होतात.

सगळे एकदम. हे लक्षात ठेवा. सहा आठवड्यांत जमवलेला प्रत्येक ठराव त्या शेवटच्या गाठोड्यात बांधतात. कर, पगार, सीमेवरचा पूल, व्होलिनच्या म्हाताऱ्यांची मठाची तक्रार. गाठ पडली तर सगळं मिळून कायदा. नाही पडली तर त्यातलं काहीच नाही.

खाली परत या. खिडक्या करड्या पडायला लागल्यात. अंधार पडला की कामकाज थांबतं, कारण मेणबत्त्या आणायलासुद्धा सगळ्यांची संमती लागते. एकजण जरी म्हणाला की मला अंधारात बसायचंय, तर सगळे अंधारात बसतात. विचित्र वाटतं ना? पण तुम्ही इथे दिवसभर उभे राहिला आहात. थकलेल्या माणसांकडून मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात काहीही कबूल करून घेता येतं, हे या लोकांना अनुभवाने कळलंय. मेणबत्त्या आणायच्या का, हा त्यामुळे फार मोठा प्रश्न आहे.

आजचा प्रश्न त्याहून मोठा. सहा आठवडे संपले. गाठोडं बांधून झालेलं नाही. मुदत वाढवायला हवी, थोडीशी. पूर्वी वाढवली आहे. फ्रेद्रो विचारतो. “झ्गोदा” ऐकू येतं, जांभया देत, खांदे चोळत. सगळ्यांना घरी जायचंय पण रिकाम्या हाताने जायचं नाहीये.

आणि एक आवाज येतो. माझी मुदतवाढीला संमती नाही.

लिथुआनियातल्या उपिता जिल्ह्याचा प्रतिनिधी व्वादिस्वाव सिचिन्स्की. तुम्ही टाचा उंचावून बघताय, तोवर तो दाराकडे वळलाय. लिथुआनियाचा बडा सरदार यानुश राजीविव, त्याच्या गोटातला माणूस, कुणीतरी तुमच्या कानाशी म्हणतं. राजीविव राजावर रुसलेला आहे. तो गेला. दालनात फार गडबड नाही, हे तुम्हाला आश्चर्याचं वाटेल. “नाही” तर रोजच म्हणतात. येईल परत, वाड्यावर जेवायला बोलावलं की येईल. मंडळी टोप्या शोधायला लागतात.

रविवारी सेंट जॉनच्या चर्चमध्ये तुम्ही पाय ठेवायला जागा शोधताय आणि आजूबाजूला प्रार्थनेपेक्षा कुजबुज जास्त आहे. सिचिन्स्की कुठे आहे? शहर सोडून गेला. खरंच गेला? आजवर नकार देणारा माणूस दालनातच थांबायचा. त्याच्या बाहीला धरता यायचं, त्याच्या मामाला बोलावता यायचं. नकार देऊन गाडीत बसून निघून जाणाऱ्याची समजूत कशी काढायची? या साऱ्या यंत्रणेचा एकच आधार होता, तो म्हणजे सगळ्यांनी एका खोलीत थांबायचं. ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, कारण लिहावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सोमवारी दालन पुन्हा भरलंय. वाट बघतायत. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळतात, आणि कुणीतरी भलताच आत येतो. काही जण तावातावाने म्हणतात, एकट्याच्या शब्दासाठी दोन देशांचं काम थांबवायचं? दुसरे तितक्याच तावाने विचारतात, आज त्याचा शब्द पायाखाली घातला तर उद्या माझा का नाही? तुमच्या शेजारचे व्होलिनचे म्हातारे दुसऱ्या गटात आहेत. त्यांच्या कागदावरच्या निम्म्या गोष्टी त्या गाठोड्यात आहेत, मठाची तक्रारसुद्धा, आणि तरी त्यांचं म्हणणं आहे की नकार मोडू नये. त्यांच्याकडे बघताना मला राग आणि आदर दोन्ही एकदम वाटतात, आणि तुम्हालाही वाटणार आहे.

फ्रेद्रो उठतो. निरोपाचं बोलतो. काहीच मंजूर झालेलं नाही. सैनिकांच्या पगाराचं नाही, करांचं नाही. आपल्या हातातला सेयम फुटताना पाहिलेला हाच माणूस पुढे लेखणी उचलून एकट्याच्या नकाराच्या हक्काची बाजू मांडणार आहे. त्याला विचारावंसं वाटतंय ना? पण तो दाराशी पोचला, आणि दोन हजार कोपरं तुमच्या आणि त्याच्या मध्ये आहेत.

बाहेर अंगणात सगळे एकदम निघालेत. घोडे, पेटारे, गाद्या, एकमेकांच्या गाड्यांची चाकं अडकलेली, गाडीवान रुथेनियनमध्ये, पोलिशमध्ये, लिथुआनियनमध्ये शिव्या देतायत. सैनिकांचे प्रतिनिधी एकेका सरदाराच्या रिकिबीला धरून विचारतायत, मग आमचं काय? यहुदी वकिलांनी पुडकी बांधलीत, त्यांना आता शहर सोडावं लागेल, अर्जांचं उत्तर मिळो न मिळो.

तुमच्या माडीवर बाई हिशेबाची पाटी घेऊन उभ्या आहेत. सरपण, मेणबत्त्या, गवत. पैसे मोजून द्या. त्या म्हणतायत की पगाराशिवाय सैन्य चालत नाही आणि सेयमशिवाय पगार नाही, म्हणजे राजा पुन्हा बोलावणारच, बहुतेक उन्हाळ्यात. तेव्हा चिखल नसेल, माश्या असतील. कोपऱ्यातली जागा आत्ताच सांगून ठेवायची असेल तर थोडे पैसे आगाऊ लागतील.